'हे बायबलात कुठंय?' : पवित्र शास्त्र आणि परंपरा यांवर एक बैठक कशी घ्यावी

भुसावळची रेल्वे कॉलनी असो की नवापूरकडचा पाडा, कॅथलिक माणसाला हा प्रश्न बहुतेक वेळा घरातलाच कुणीतरी विचारतो. एक भाऊ मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जातो, दुसरा प्रोटेस्टंट मंडळीत. मयताच्या घरी प्रार्थना सुरू झाली की धाकटा विचारतो, "हे बायबलात कुठं लिहिलंय?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देताना धर्मशिक्षक एकतर प्रत्येक गोष्टीला ओढूनताणून वचन चिकटवतो, नाहीतर "आपली परंपरा आहे" म्हणून विषय मिटवतो. दोन्हींनी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही.

बैठक दहा-बारा जणांची, दीड तासाची ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठच्या आधी कुणी येत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या हॉलपेक्षा अंगण बरं. वाचन मराठीत करा, बोलणं अहिराणीत किंवा पावरीत होऊ द्या. सोबत ७३ पुस्तकांचं कॅथलिक बायबल हवं, ६६ पुस्तकांचं प्रोटेस्टंट बायबलही एक हवं, कॅटेकिझम (कॅथलिक शिकवणीचं अधिकृत पुस्तक) हवा आणि बारा कोऱ्या चिठ्ठ्या.

सुरुवात अनुक्रमणिकेपासून करा. दोन्ही बायबलं शेजारी उघडून ठेवा आणि बोट ठेवून पुस्तकं मोजायला लावा. जुन्या करारात एकीकडे ४६, दुसरीकडे ३९. नव्या करारात दोन्हीकडे २७. मग विचारा, ही २७ नावं बायबलातल्या कोणत्या अध्यायात दिली आहेत? कुठल्याच नाही. नेमक्या याच २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनासियस यांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात सापडते. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या धर्मसभांनी, म्हणजे बिशपांच्या बैठकांनी, ती मान्य केली. म्हणजे धाकट्या भावाच्या हातातला नवा करारही त्याच वाटेनं त्याच्यापर्यंत आला आहे. हे जिंकल्याच्या सुरात सांगू नका; दोघांना एकाच ठिकाणाहून मिळालेली वस्तू म्हणून सांगा.

मग 'परंपरा' हा शब्द सोडवा. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे रीतभात येते. मूळ ग्रीक शब्द 'पॅराडोसिस', म्हणजे सोपवणं, हाती देणं. १ करिंथ ११:२३ आणि १५:३ वाचा: पौल म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. नंतर २ थेस्सलनीका २:१५ : तोंडी शिकवलेलं असो की पत्रानं, धरून राहा. नव्या करारातली सर्वांत जुनी समजली जाणारी पत्रं साधारण इ.स. ५० च्या आसपासची. तोवर वीसेक वर्षं भाकर मोडली जात होती, बाप्तिस्मा दिला जात होता, आणि नव्या कराराची एकही ओळ लिहिलेली नव्हती.

इथं जात्यावरच्या ओवीचा दाखला चांगला बसतो. ओवी कागदावर उतरवली की शब्द राहतात, चाल कागदावर येत नाही. ती ज्यांनी गायली त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. परंपरा म्हणजे जास्तीच्या ओव्यांचं दुसरं गाठोडं नाही. मात्र दाखला इथंच सोडा. ओवी गाणारी स्वतःचे शब्द घालते. प्रेषितांनंतर ख्रिस्तसभेला देवाकडून नवं प्रकटीकरण मिळत नाही, मिळालेल्याची समज वाढते.

'अर्धं बायबलात, अर्धं परंपरेत' असं बोलणं जुन्या धर्मशिक्षकांच्या तोंडी बसलेलं आहे. ट्रेंटच्या धर्मसभेच्या मसुद्यात 'अंशतः इथं, अंशतः तिथं' असेच शब्द होते. ८ एप्रिल १५४६ च्या अंतिम ठरावात ते गेले आणि साधं 'आणि' आलं. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत प्रकटीकरणाचे 'दोन स्रोत' असं नाव घेऊन आलेला मसुदा १९६२ मध्ये मागे घ्यावा लागला. १८ नोव्हेंबर १९६५ ला 'देई व्हेर्बूम' हे प्रकटीकरणावरचं दस्तऐवज मंजूर झालं, बाजूनं २३४४ मतं, विरोधात ६. त्याचं कलम ९ सांगतं की दोन्ही एकाच दैवी झऱ्यातून वाहतात. कलम १० हळू, दोनदा वाचा: अधिकृत शिकवण देणारे देवाच्या वचनाच्या वर नाहीत, त्याचे सेवक आहेत.

मार्क ७:८-१३ तुम्हीच आधी काढा. येशू तिथं माणसांच्या परंपरेवर कडक बोलतो, आणि शब्द तोच, पॅराडोसिस. ते वचन लपवलंत आणि समोरच्यानं काढलं, तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. येशूचा राग कशावर, हे पाहायला लावा: 'कुर्बान' (देवाला वाहिलेलं) म्हणून आईबापांचा हक्क बुडवण्यावर, म्हणजे देवाची आज्ञा मोडणाऱ्या रीतीवर.

शेवटचा निम्मा वेळ चिठ्ठ्यांना द्या, खरं शिकणं इथंच होतं. प्रत्येक चिठ्ठीवर एक गोष्ट लिहा आणि तीन ढीग करा: प्रेषितांकडून आलेली परंपरा, ख्रिस्तसभेची शिस्त, गावची चाल. लग्नातली हळद, चर्चमधली समई लगेच तिसऱ्यात जातात. शुक्रवारी मांस वर्ज्य ही शिस्त. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की लागू होते, आणि बिशप परिषद त्याऐवजी दुसरं तप ठरवू शकते. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या ढिगात.

'धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य' आणि 'गुरुदीक्षा (धर्मगुरू म्हणून दीक्षा) फक्त पुरुषांना' या चिठ्ठ्या मुद्दाम घाला. लोक दोन्ही एकाच ढिगात टाकतात. पहिली शिस्त आहे: पेत्राला सासू होती (मार्क १:३०), आणि युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक सभेत विवाहित धर्मगुरू आहेत. दुसरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये सांगितलं की ती बदलण्याचा अधिकारच ख्रिस्तसभेला नाही.

मारियेच्या स्वर्गोन्नयनाला (तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं या श्रद्धेला) थेट वचन नाही, हे सरळ मान्य करा. ती श्रद्धा पोपनी १९५० मध्ये अधिकृतपणे घोषित केली. त्याआधी, १९४६ मध्ये, जगभरच्या बिशपांना पत्रानं विचारलं गेलं होतं की तुमच्या लोकांची श्रद्धा काय आहे. परंपरा कशी तपासली जाते ते यातून दिसतं. मृतांसाठी प्रार्थनेला मात्र २ मक्काबी १२:४३-४६ आहे. फक्त ते पुस्तक धाकट्या भावाच्या बायबलात नाही, म्हणून आधी अनुक्रमणिका, मग हे वचन. क्रम उलटा झाला की वाद पुस्तकावरच अडतो.

दोन-तीन चिठ्ठ्या कुठल्याच ढिगात बसणार नाहीत. घाईनं टाकू नका. कॅटेकिझमचा परिच्छेद ८३ वाचा, तिथं प्रेषितांकडून आलेली परंपरा आणि नंतर जागोजागी रुळलेल्या परंपरा यांतला फरक सांगितला आहे. तरी न सुटल्या तर पाकिटात घालून फादरांकडे द्या आणि पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा.