न्यूक्लिअर मेडिसिनच्या प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी: खानदेशातील विद्यार्थ्यांसाठी तयारीची यादी

न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे रुग्णाला किरणोत्सारी औषध देऊन तपासणी किंवा उपचार करणाऱ्या विभागातला तंत्रज्ञ, व्हायचे ज्या दिवशी नक्की होईल, त्याच आठवड्यात रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस-बी काविळीच्या लसीचा पहिला डोस घ्यावा; अर्ज, गुणपत्रिका आणि मुंबईची राहण्याची सोय या सगळ्याचा विचार त्यानंतर करावा. दुसरा डोस एक महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, असा तिचा नेहमीचा क्रम आहे. वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर दवाखान्यात धाव घेतली, तर हे सहा महिने कोठूनही आणता येत नाहीत. माझ्या वेळच्या यादीत ही एकच ओळ राहून गेली आणि बरोबरीचे विद्यार्थी रुग्णांना इंजेक्शन देऊ लागले, तरी मला तिकडे जाऊ दिले गेले नाही.

'लहानपणी सगळ्या लसी झाल्या आहेत' हे उत्तर घरून हमखास येते, त्यावर विसंबू नये. सरकारी लसीकरणात ही लस २००२ नंतर टप्प्याटप्प्याने आली आणि देशभर पोहोचेपर्यंत २०११ उजाडले. त्यामुळे चोपडा, शहादा किंवा साक्री तालुक्यातल्या जुन्या लसीकरण कार्डावर ती असेलच असे नाही. कार्ड काढून प्रत्यक्ष पाहावे, आणि नोंद सापडली नाही तर वाद न घालता डॉक्टरांना विचारून डोस सुरू करावेत.

आता पात्रता. विज्ञान शाखेची पदवी लागते हे सर्वांना ठाऊक असते, पण पदवीला कोणते विषय चालतात हे संस्थेनुसार बदलते. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, मागच्या तुकडीतल्या मुलाच्या सांगण्यावर जाऊ नये. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे, चंदीगडच्या पीजीआयमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्येही या विषयाचे शिक्षण मिळते. खासगी संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, मान्य आहे का, हे लेखी विचारावे. तोंडी आश्वासन घेऊन परतू नये. क्ष-किरण तंत्रज्ञाची किंवा डीएमएलटीची (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची) पदविका या कामाला पुरत नाही, हेही जळगाव-धुळ्यातल्या अनेक पालकांना कोणी स्पष्ट सांगत नाही.

कागदपत्रांपैकी एकाबद्दलच लिहितो. केंद्र सरकारच्या संस्थेत इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठी केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, राज्याच्या नमुन्यातले तेथे चालत नाही, आणि ते मिळवण्यासाठी तहसील कार्यालयात वेळ जातो. बाकीची यादी सर्वांकडे असतेच.

अभ्यासाची तयारी म्हणून किरणोत्सारी क्षयाची, म्हणजे द्रव्याचा किरणोत्सार वेळेनुसार किती घटतो याची, गणिते वहीवर, हाताने, रोज सोडवावीत. तपासण्यांत वापरल्या जाणाऱ्या टेक्निशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, ६ तासांचा आहे. सकाळी ८ वाजता ४० मिलिक्युरी (किरणोत्साराचे एकक) असलेली मात्रा दुपारी २ वाजता २० होते. मग ११ वाजता किती असेल? ज्याने पटकन ३० म्हटले त्याने पुन्हा बसावे, कारण उत्तर सुमारे २८ आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे आणि आयोडीन-१३१ चे ८ दिवस. ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून जनरेटर नावाच्या उपकरणात टेक्निशियम मिळते त्याचे ६६ तास, म्हणून सोमवारी सकाळी जेवढे मॉलिब्डेनम असते त्याचे शुक्रवारी सकाळी सुमारे ३६ टक्केच उरते. रुग्ण उशिरा आला किंवा यंत्र तासभर बंद पडले की हेच गणित उभ्याउभ्या करावे लागते.

घरात किरणोत्साराची भीती निघेल, आणि ती समजण्यासारखी आहे. आईवडिलांना आकडे सांगावेत: कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचे एकक), कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, आणि अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. मात्र किरणोत्साराबद्दल तासभर बोलणारे घर सुईबद्दल एक शब्द बोलत नाही. शिरेत सुई घालणे हे या कामात रोजचे आहे. हृदय रक्त किती जोराने ढकलते हे पाहणाऱ्या मुगा तपासणीत तर रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींनाच टेक्निशियम जोडावे लागते. सिरिंजवर टंगस्टनचे किंवा शिशाचे जड कवच असते, आतला भाग शिसेयुक्त काचेच्या अरुंद फटीतून पाहावा लागतो, आणि नवख्या हाताचा तोल जातो तो नेमका तेथे. किरणोत्सार मोजायला बॅज आहे, सर्व्हे मीटर आहे. टोचलेल्या सुईतला हिपॅटायटिस-बीचा विषाणू मोजणारे काही अंगावर नसते, आणि हा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही टिकतो. म्हणून लस घ्यावी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही, लसीने संरक्षण तयार झाले का हे दाखवणारी, रक्तचाचणी करून १० किंवा त्याहून अधिक आकडा आल्याची खात्री करावी आणि अहवालाची प्रत मूळ गुणपत्रिकांसोबत ठेवावी. दोन डोस झाले म्हणून तिसरा सोडू नये. सोडणारे पुष्कळ आहेत.

रुग्णाशी बोलण्याचा सराव करून जावे. एफडीजी हे किरणोत्सारी साखरेसारखे द्रव्य टोचून करायच्या पेट (पीईटी) स्कॅन तपासणीपूर्वी निदान चार ते सहा तास उपाशी राहायचे, इंजेक्शननंतर सुमारे तासभर शांत पडून राहायचे. हाडांच्या स्कॅनला उलट भरपूर पाणी प्यायचे आणि कॅमेऱ्याखाली जाण्याआधी लघवी करून यायचे. स्त्री रुग्णाला गर्भारपण आणि स्तनपान याबद्दल संकोच न करता, पण आडोशाला नेऊन विचारायचे. मुंबईच्या रुग्णालयांत आपल्याकडचे रुग्णही येतात, आणि घाबरलेल्या आजींना अहिराणीत सांगितले की त्या निम्म्या सावरतात. ही भाषा तेथे लपवू नये.

बॅजबद्दल थोडक्यात: तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावावा, दुसऱ्याला देऊ नये, उन्हात ठेवू नये. सुट्टीत भुसावळची गाडी पकडण्यापूर्वी तो विभागातल्या ठरलेल्या रॅकवर ठेवावा, गावी आणू नये.

राहण्याची सोय परळ-दादरच्या आसपास लवकर पाहावी. बूट बंद पायांचे, नखे कापलेली. पहिल्या आठवड्यात सांडलेले किरणोत्सारी द्रव्य आवरण्याचे साहित्य कोठे ठेवले आहे ते पाहून घ्यावे. लसीचा तिसरा डोस प्रशिक्षणाच्या काळात येत असेल, तर त्याची तारीख विभागप्रमुखांना आधीच कळवावी. किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे आरएसओच्या, परीक्षेचे नियम अभ्यासक्रम संपण्यापूर्वी एईआरबीच्या संकेतस्थळावर वाचावेत आणि ई-लोरा या एईआरबीच्या ऑनलाइन प्रणालीवरच्या नोंदणीत नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच भरावे.