जुनं घर घेताय? आधी भिंतीची ओल बघा

जुन्या वस्तीतलं घर दाखवायच्या आधी भिंती नुकत्याच रंगवून घेतलेल्या असतात, त्यामुळे ओल दिसतच नाही. मालकाला विचारून एवढं करा:

१. जमिनीपासून वीतभर उंचीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा.

२. २४ ते ४८ तासांनी बघा. कागदाच्या आतून थेंब जमले असतील तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरून असतील तर तो खोलीतला दमटपणा.

३. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. सहज रुतला, तर लाकूड कुजलंय. मी तर हे सगळ्यात आधी बघते, कारण छताचा भार तिथेच असतो.

मात्र चुन्याच्या भिंतीची ओल झाकायला सिमेंटचा गिलावा करू नका. पाणी आतच कोंडतं.