पीसीची जुनी जॉयस्टिक थरथरते? खोलण्याआधी मीटर लावा

आयबीएमने १९८१ साली पीसीसाठी जे गेम कार्ड काढलं, त्याचं १५ पिनांचं पोर्ट पुढे साउंड ब्लास्टरसारख्या साउंड कार्डांवरही टिकलं. त्याला लागणाऱ्या साध्या जॉयस्टिकमध्ये चिप वगैरे काही नसते. १०० किलोओहमचे दोन पॉट (फिरवलं की रेझिस्टन्स बदलणारे भाग) आणि दोन बटणं, बस्स. पॉटच्या रेझिस्टन्समधून कार्डावरचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, ते मोजून प्रोसेसर दांड्याची जागा ठरवतो. शून्य ओहमला साधारण २४ मायक्रोसेकंद, १०० किलोओहमला ११०० च्या आसपास. पॉटमध्ये कचरा साचला की हा वेळ कमीजास्त होतो आणि गेममधलं विमान आपोआप डोलायला लागतं. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर ती हीच.

मल्टिमीटर २०० किलोओहमवर ठेवा. पिन १ आणि ३ मध्ये आडवी दिशा, १ आणि ६ मध्ये उभी. (पिनांचे आकडे प्लगच्या प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, भिंग घ्या. १ वर काहीच आलं नाही तर ८ किंवा ९ वर बघा.) ट्रिमची चाकं (जॉयस्टिकवरची मध्य जुळवायची छोटी चाकं) मधोमध आणून दांडा अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. आकडा सलग चढायला हवा, मध्यावर ५० च्या जवळपास. मध्येच उडी मारली तर पॉट खराब. दांडा स्थिर असताना फक्त केबल हलवूनही आकडा पळत असेल, तर पॉटला हात लावू नका. वायर आत शिरते तिथेच तुटलेली असते. बटणांसाठी मीटर बीपवर (कंटिन्युइटी) आणा आणि पिन २ आणि ४, मग ७ आणि ४ तपासा. दाबल्यावर बीप यायला हवा.

खोलताना स्प्रिंगांचा फोटो काढून ठेवा, उडाल्या की कुठली कुठे ते कळत नाही. पॉटच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि दांडा ३०-४० वेळा टोकापर्यंत फिरवा. वीस मिनिटं वाळू द्या, पुन्हा मोजा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ चिकटते.

कार्बनचा पट्टाच झिजला असेल तर पॉट बदला. बी१०० के, म्हणजे लिनिअर (रेझिस्टन्स सारख्या प्रमाणात बदलणारा), मागा. ए, म्हणजे व्हॉल्यूमसाठीचा, चालणार नाही. पण आधी जुन्यावरचा आकडा वाचा. दांडा पॉटला थोड्याच कोनात फिरवतो, म्हणून काही कंपन्या मोठ्या किमतीचा पॉट घालून त्याचा एक तुकडाच वापरतात. मधला पाय आणि एक टोक एवढंच सोल्डर करायचं. डावं-उजवं उलटं झालं तर टोकाची वायर दुसऱ्या टोकाला लावा.

जोडताना मशीन बंद ठेवा, मग गेममधून कॅलिब्रेट करा. टर्बो बटण (जुन्या पीसीचा वेग बदलणारं) दाबल्यावर पुन्हा करावं लागतं, कारण जुने गेम वेळ प्रोसेसरच्या वेगाने मोजतात. एवढं करूनही दोन्ही दिशा वेड्यासारख्या वागत असतील, तर साउंड कार्ड आणि आयओ कार्ड (डिस्क, प्रिंटर वगैरेंची पोर्टं देणारं) दोन्हीवर गेम पोर्ट आहे का ते बघा. पत्ता एकच असल्याने दोघं भांडतात. एका कार्डावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) काढून त्याचं गेम पोर्ट बंद करा.