स्पोर्ट क्लाइंबिंगच्या पहिल्या स्पर्धेआधी या चुका टाळा

आमच्याकडे दहावीतली एक मुलगी भिंतीवरचा निळा रूट, म्हणजे चढायची आखलेली वाट, जवळजवळ डोळे मिटून चढायची. डावा पाय कोपऱ्यात, उजवा हात पिवळ्या होल्डवर (पकडायच्या खुंटीवर), की झालं. पहिल्याच लीड स्पर्धेत, म्हणजे जिथे चढता चढता आपला दोर भिंतीवरच्या कड्यांत अडकवत (क्लिप करत) जायचं असतं, तिथे मात्र ती चौथ्या क्लिपशी पडली. ताकद भरपूर होती, पण तो रूट तिनं आधी कधी पाहिला नव्हता.

मराठवाड्यात ही चूक सर्रास होते, आणि त्यात मुलांपेक्षा दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा. भिंती मोजक्या, होल्ड महिनोन्‌महिने त्याच जागी. सरावाचं पाठांतर होऊन बसतं. पाठांतर चालतं ते फक्त स्पीडमध्ये, म्हणजे वेगाच्या शर्यतीत. तिथे १५ मीटरची, पुढे ५ अंश झुकलेली भिंत आणि होल्डची मांडणी जगभर एकच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सॅम वॉटसननं ती ४.७४ सेकंदांत सर केली.

लीड आणि बोल्डरिंगचं (कमी उंचीच्या भिंतीवर दोराशिवाय चढण्याचं) तसं नाही. अंतिम फेरीआधी खेळाडूंना आयसोलेशनमध्ये बसवतात, दुसऱ्याचं चढणं दिसू देत नाहीत. लीडचा रूट खालून न्याहाळायला ६ मिनिटं, चढायला ६ मिनिटं. पडलात की संपलं.

म्हणून होल्ड तेच असले तरी रूट बदला. जोडीदारानं रंगीत टेप लावून तुमच्यासाठी रूट आखावा, तुम्ही त्याच्यासाठी. घड्याळ लावून खाली उभे राहा, हवेत हात फिरवत एकेक हालचाल ठरवा: क्लिप कुठून करायची, विसाव्यासाठी हात कुठे झटकायचे. मग एकच प्रयत्न. खाली आल्यावर काय ठरवलं होतं आणि काय झालं, ते वहीत लिहा. त्या मुलीची वही आता निम्मी भरलीय, आणि रूट वाचायला ती आता घाई करत नाही.

क्लिपची घाईही महागात पडते. डोक्याच्या वरचा क्विकड्रॉ (दोर अडकवायची पट्टी-कडी) गाठायला दोर ओढून घेतला आणि तेवढ्यात हात सुटला, तर तो सगळा ढिला दोर पडण्यात जमा होतो. शक्य तिथे क्विकड्रॉ कमरेच्या आसपास येऊ द्या, मग क्लिप करा. हात भरून येत असतील तर कोपर बघा. वाकवून लटकलात की दमणारच. हात सरळ ठेवा, भार पायांवर द्या.

बोल्डरिंगमध्ये टॉपला, म्हणजे शेवटच्या होल्डला, नुसता हात लावून उडी मारू नका, दोन्ही हातांनी स्थिर धरल्याशिवाय तो मोजला जात नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तळवे घामेजतात आणि मुलं पकडीसाठी लावायची पांढरी पूड, म्हणजे चॉक, थरावर थर थापतात. त्यानं पकड आणखी निसटते. हात धुऊन कोरडे करा, पातळ थर लावा, होल्डवरचा जुना चॉक ब्रशनं काढा. सराव पहाटेच उरका.

आणि पालकांनो, वाढत्या वयातल्या मुलानं बोटाचा मधला सांधा दुखतोय असं सांगितलं तर ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नका. या वयात हाडाच्या वाढीच्या भागालाच इजा होऊ शकते. चढणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, स्पर्धा आठवड्यावर आली असली तरी.