फोम चिकटवताना: आधी फोम ओळखा, मग गोंद निवडा

सगळ्या फोमला चालेल असा एकच गोंद नसतो. ईव्हीए फोमवर सर्वांत भक्कम सांधा देणारा काँटॅक्ट अॅडेसिव्ह (दोन्ही बाजूंना लावून, जरा सुकल्यावर जोडायचा गोंद) थर्माकोलवर लावला, तर मिनिटभरात खड्डा पडतो. म्हणून दुकानात जाण्याआधी हातातला तुकडा नीट पाहा.

दाणे दिसतात आणि मोडताना कट्कन आवाज येतो, तो थर्माकोल, म्हणजे पॉलिस्टायरीन. दाणे नसलेले कडक रंगीत इन्सुलेशन बोर्डही बहुधा त्याच जातीचे. दाबल्यावर पुन्हा फुगणारा आणि पाणी शोषणारा तो गादीतला पॉलियुरेथेन फोम. चपलेच्या तळासारखा रबरी, दाट तो ईव्हीए. पॅकिंगमध्ये येणारा, हाताला मेणचट लागणारा तो पॉलिइथिलीन. तुकडा जाळून ओळखण्याचा प्रयत्न करू नका, धूर विषारी असतो.

सर्वांत जास्त नुकसान थर्माकोलचं होतं. टोल्युइन, अॅसिटोन, पेट्रोल यांत तो विरघळतो, आणि बहुतेक काँटॅक्ट अॅडेसिव्हमध्ये असलेच द्रावक असतात. साधा सुपरग्लूही त्याला खातो. स्प्रेचा डबा घ्यायचा असेल, तर त्यावर ‘पॉलिस्टायरीनसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. लाकडाचा पांढरा गोंद थर्माकोलला इजा करत नाही. कागद, कापड किंवा लाकूड थर्माकोलवर चिकटवायला तो उत्तम. पण दोन जाड ठोकळे एकमेकांना जोडताना तो फसतो. त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय तो धरत नाही, आणि बंद पेशींच्या, म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या हवेच्या कप्प्यांच्या, फोममधून पाण्याला वाटच नसते. कडा सुकतात, मध्यभाग कित्येक दिवस ओला राहतो.

अशा ठोकळ्यांसाठी ओलाव्यावर घट्ट होणारा पॉलियुरेथेन गोंद घ्या. एका बाजूला गोंदाचा अगदी पातळ थर द्या, दुसऱ्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारा, जोडून वर वजन ठेवा. हा गोंद फुगतो. वजन नसेल तर तो ठोकळे एकमेकांपासून ढकलतो. सरकू नयेत म्हणून आत दोन-तीन बांबूच्या काड्या खुपसा. ठोकळा पुढे गरम तारेने कापायचा असेल, तर कापाच्या रेषेवर गोंद आणि काड्या येऊ देऊ नका, तार तिथेच अडते. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंदही चालतो, मात्र त्याचा जाड गोळा घट्ट होताना तापतो आणि थर्माकोल वितळवतो. हॉट ग्लू वापरायचाच तर सुमारे १२० अंश सेल्सिअसची कमी तापमानाची गन घ्या. १९० अंशांच्या आसपास चालणारी गन भोक पाडते.

ईव्हीएसाठी काँटॅक्ट अॅडेसिव्हच घ्या. गुळगुळीत पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पुसा. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, तेव्हाच जोडा. ओलं असताना जोडलं की द्रावक आत अडकतो आणि सांधा मऊच राहतो. घाईत होणारी चूक बहुतेक हीच. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवून कडा जुळवा आणि कागद हळूहळू ओढत दाबत जा. २४ तास ताण देऊ नका. हीट गनने आकार द्यायचा असेल तर तो चिकटवण्याआधी द्या, कारण उष्णतेने सांधा सुटतो. काम हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर करा.

गादीच्या फोमला फोमसाठी बनवलेला स्प्रे बरा. घट्ट झाल्यावर कडक होणारा गोंद नको, बसताना त्याची रेघ टोचते. फोम गोंद पिऊन टाकतो, तेव्हा पहिला थर सुकल्यावर गरजेप्रमाणे दुसरा द्या.

पॉलिइथिलीनवर बहुतेक गोंद सुकल्यावर पापुद्र्यासारखे निघतात. तिथे दोन्ही तोंडं गरम हवेने एकाच वेळी चकाकेपर्यंत तापवून लगेच दाबावीत.

मूळ कामाला हात लावण्याआधी त्याच फोमच्या दोन तुकड्यांवर करून बघा आणि दुसऱ्या दिवशी ते ओढा. सांध्याऐवजी फोम फाटला, तर गोंद योग्य आहे. गोंदाचा थर एका बाजूवरून स्वच्छ सुटला, तर तिथे धूळ किंवा तेलकटपणा होता, किंवा त्या फोमला तो गोंद धरतच नाही. थर दोन्हीकडे तुटून चिकट राहिला, तर तो सुकलाच नव्हता.