बॅटरीच्या वायरींचा प्लस-मायनस कसा ठरवावा

‘लाल प्लस, काळी मायनस, लावा आणि चालू करा’ हा सल्ला अपुरा आहे, आणि त्यावर विसंबून अनेक चांगली सर्किटं जळतात. रंग हा वायर जोडणाऱ्याने पाळला तरच खरा ठरणारा संकेत आहे. साधा बल्ब उलटा जोडला तरी पेटतो आणि डीसी मोटर उलटी फिरते, एवढंच. पण चिपला उलटा पुरवठा मिळाला की तिच्या आतले संरक्षक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) सुलट्या दिशेने उघडतात. मग बॅटरी देऊ शकेल तेवढा करंट त्यांतून वाहतो आणि चिप जाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडला तर फुगतो, कधी फुटतो.

सेल बसवा. सपाट टोक स्प्रिंगकडे. चार एए सेलच्या होल्डरमध्ये एक उलटा बसला तर ६ ऐवजी सुमारे ३ व्होल्ट मिळतात. प्लस-मायनस बरोबर दिसतात, सर्किट मात्र अर्धवट चालतं. उलटा सेल बाकीच्या तिघांकडून चार्ज होत राहतो आणि गळतो. म्हणून चिन्हाइतकाच आकडाही वाचा.

मल्टिमीटर लावा. काळी प्रोब (मीटरची टोकदार वायर) ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात, चकती डीसी २० व्होल्टवर. आकडा नुसता आला तर लाल प्रोब प्लसवर आहे; आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर ती मायनसवर आहे. लाल प्रोब १० अँपियरच्या भोकात राहिली असेल तर मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार होते आणि बॅटरी शॉर्ट होते. अनेक स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी भोक बघा, मग प्रोब टेकवा.

मीटर नसेल तर एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे समांतर जोडा आणि त्या जोडीला १ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) सिरीजमध्ये द्या. रोधाकडच्या टोकाशी लाल एलईडीचा लांब पाय असला, तर ते टोक प्लसला टेकल्यावर लाल पेटेल आणि मायनसला टेकल्यावर हिरवा. ३ ते १२ व्होल्टपर्यंत हे साधन चालतं. एकच एलईडी वापरू नका. तो पेटला नाही तर बॅटरी उलटी आहे की संपलेली, हे कळत नाही. शिवाय बहुतेक एलईडींची उलट दाबाची (व्होल्टेजची) मर्यादा ५ व्होल्टच्या आसपासच असते. जीभ लावून बघण्याचा सल्लाही सोडून द्या, कारण जिभेला झिणझिण्या कळतात, प्लस कळत नाही.

कनेक्टर तपासा. घाई करायची नाही ती इथे. कनेक्टरचे दोन भाग समोरासमोर बसतात, म्हणून एकाची रचना दुसऱ्यात आरशातल्यासारखी उलटी होते.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर लहान गोल बटण प्लस असतं आणि मोठं, पाकळ्यांचं बटण मायनस. क्लिपवर हे नेमकं उलट असतं: क्लिपचं मोठं बटण बॅटरीच्या लहान बटणावर बसतं, म्हणून लाल वायर क्लिपच्या मोठ्या बटणाला जाते. जुन्या बॅटरीचं वरचं झाकण काढून त्याची क्लिप करणारे हमखास इथे फसतात. ‘लहान बटण प्लस’ हे पाठ असतं, त्याच बटणाला लाल वायर सोल्डर होते आणि सर्किटला उलटे ९ व्होल्ट मिळतात. दुसरा धोका क्लिप चाचपडत लावताना असतो. बटणं क्षणभर उलटी टेकली तरी नाजूक चिपला तेवढं पुरतं. क्लिप लावताना स्विच बंदच हवा.

लिथियम सेलची दोन पिनांची छोटी जेएसटी कनेक्टरं त्याहून फसवी. ती चुकीच्या बाजूने आत जात नाहीत, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण कोणती पिन प्लस हे कनेक्टर ठरवत नाही. एका उत्पादकाचा सेल दुसऱ्याच्या बोर्डात अगदी नीट बसतो आणि बोर्ड जाळतो. सेलचा प्लग बोर्डाच्या सॉकेटसमोर, घालायच्याच स्थितीत धरा. प्लगवर मीटरने प्लस शोधा, सॉकेटच्या खुणा वाचा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय प्लग आत ढकलू नका. वायरींची अदलाबदल करायची असेल तर प्लगमधली प्लास्टिकची जीभ टाचणीने किंचित उचला आणि एक पिन बाहेर ओढा. तिच्यावर टेप गुंडाळल्यावरच दुसरीला हात लावा. दोन्ही वायरी एकदम कटरने कापणं म्हणजे कटरच्या पात्यातूनच सेल शॉर्ट करणं.

अडॅप्टरच्या गोल पॉवर जॅकच्या बाबतीत आर्डुइनो ऊनोला मध्यभागी प्लस लागतो, तर गिटारच्या बहुतेक पेडलना मध्यभागी मायनस. जोडवायरीवरच्या पांढऱ्या पट्टीचाही कोणता एकच नियम नाही. मीटर नेहमी सर्किटला भिडणाऱ्या शेवटच्या टोकाशीच लावा. होल्डरपाशी घेतलेलं माप मधल्या सोल्डरिंगमधली चूक दाखवत नाही.

सर्किटची बाजू ओळखा. बोर्डावर व्हीसीसी किंवा व्हीडीडी असेल तर तो प्लस, जीएनडी असेल तर मायनस. काहीच छापलेलं नसेल तर बॅटरी दूर ठेवून मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या खुणेवर) घ्या आणि पॉवरच्या टोकापासून ओळखीच्या पिनेपर्यंत शोधत जा. ५५५ टायमर या चिपची १ नंबरची पिन ग्राउंड, म्हणजे मायनस, आणि ८ नंबरची प्लस. एलएम३५८ या अँप्लिफायर चिपची ४ नंबरची मायनस, ८ नंबरची प्लस. उभ्या, डबीसारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी मायनसची असते. टॅंटलम कपॅसिटरवरची पट्टी मात्र प्लसची. ‘पट्टी म्हणजे मायनस’ असं सरसकट सांगणाऱ्याचं ऐकू नका.

जोडा. पहिल्या वेळी प्लसच्या वायरीत १०० ओहमचा रोध घाला. ६ व्होल्टला पूर्ण शॉर्ट असला तरी करंट ६० मिलीअँपियरच्या वर जात नाही. रोधाच्या दोन टोकांमधला दाब मोजा. तो जवळजवळ बॅटरीइतका आला तर काहीतरी उलटं किंवा शॉर्ट आहे, वायर लगेच काढा. मोटर किंवा वायफायसारखं जास्त करंट घेणारं काही असेल तर सर्किट ठीक असूनही असंच दिसेल, म्हणून ते आधी सुटं करा.

कायमच्या संरक्षणासाठी प्लसच्या वायरीत डायोड घाला, पट्टीची बाजू सर्किटकडे. १एन४००७ सुमारे ०.७ व्होल्ट खातो. ९ व्होल्टला ते चालून जातं, दोन सेलच्या ३ व्होल्टला नाही. तिथे १एन५८१७ हा शॉटकी डायोड घ्या, तो कमी करंटला ०.३ व्होल्टच्या आसपासच खातो. तेवढंही परवडत नसेल तर पी-चॅनल मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा तीन पायांचा ट्रान्झिस्टर: त्याचा ड्रेन बॅटरीच्या प्लसकडे, सोर्स सर्किटकडे, गेट मायनसला. मॉसफेट मात्र बॅटरीच्या दाबाला पूर्ण उघडणारा, म्हणजे लॉजिक लेव्हलचा निवडा.