नोझावा ओन्सेनला जाताय? या चुका टाळा

जपानच्या नागानो प्रांतात डोंगरउतारावर वसलेल्या या गावात गरम झऱ्यांच्या पाण्याची 13 सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि ती फुकट आहेत. पण ती हॉटेलांची नाहीत. त्या त्या आळीतली घरं मिळून ती सांभाळतात, पाळीपाळीने घासूनपुसून ठेवतात. पाहुण्यांच्या निम्म्या चुका हे माहीत नसल्यामुळेच होतात. दारातल्या दानपेटीत नाणं टाकायला विसरू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आल्या आल्या पाण्यात उतरणं. आपल्याकडे वज्रेश्वरीच्या कुंडात लोक कपड्यांसकट उतरतात. इथे स्विमिंग कॉस्च्यूमसुद्धा चालत नाही. बायका-पुरुषांची सोय वेगळी असते, त्यामुळे संकोच पाच मिनिटांत जातो. कपडे फळीवर ठेवा, केस वर बांधा, हौदाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवा आणि साबणाचा अंशही उरला नाही ना, ते बघून मगच आत जा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, मोबाईल पिशवीतून काढायचा नाही.

पाणी सोसत नाही? पहिल्यांदा कुणालाच सोसत नाही. ते सहज 42-45 अंशांवर असतं, कधी त्याहूनही कढत. बादलीने आधी पायांवर, मग खांद्यांवर पाणी घ्या. आत गेल्यावर गप्प बसा, हललं की जास्त चटका बसतो. गार पाण्याचा नळ असला तरी आत बसलेल्या आजोबांना खुणेने विचारूनच सोडा. दोन मिनिटांत बाहेर आलात तरी कुणी हसत नाही. गरगरलं तर झटकन उभं राहू नका, काठावर टेका. साके (तांदळाची जपानी दारू) पिऊन तर जाऊच नका.

ओगामा नावाच्या झऱ्याचं पाणी 90 अंशांच्या आसपास असतं. गावकरी तिथे भाज्या उकडतात. कठड्याच्या आत फक्त त्यांनीच जायचं. फोटो बाहेरून काढा.

युकाता (सुती जपानी झगा) घालताना डावी बाजू वर घ्या. उजवी वर घेतात ती प्रेताला.

टोकियोहून येताना कागायाकी शिनकानसेन (बुलेट ट्रेन) पकडू नका, ती इइयामाला, म्हणजे नोझावाच्या जवळच्या स्टेशनला, थांबत नाही. हाकुताका घ्या, पुढे बसने साधारण 25 मिनिटं.

शाकाहाऱ्यांनो, 'मासे नकोत' एवढ्याने भागत नाही. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात सुक्या माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असू शकतं. बुकिंग करतानाच हे लिहून कळवा. संध्याकाळी पान वाढल्यावर सांगून स्वयंपाकघरात काही बदलत नाही.